जड म्हणजे कसं जड

आधी माफी मागतो. असं लिहिणं हे ज्यांनी पुष्कळ माणसं पाहिली, पुष्कळ वाचलं, त्यांचं काम. मी यंत्रांचं शिकलेला. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला पहिला मीच, आणि माझ्या वह्यांत आजवर आकडे आणि आकृत्याच जास्त. शिवाय ज्यांच्याविषयी लिहायचं आहे त्यांच्याशी मी नीट वागलो नाही. तेव्हा लिहिण्याचा हक्क मला आहे की नाही, मला खरंच माहीत नाही. पण आबांना गाडीत बसलेलं ज्यांनी पाहिलं, त्यांच्यापैकी कुणी लिहील असं वाटत नाही, आणि मला तर गप्प बसवत नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

आबा चहाचा ग्लास कधीच उघड्या बोटांनी धरत नसत. खिशात कायम एक धुतलेला रुमाल असे. चहा आला की त्याची घडी करून ग्लासाभोवती गुंडाळायची आणि मग ग्लास उचलायचा. लोणावळ्याच्या बाजारामागे त्यांची पत्र्याची शेड होती. तिथे टेकायला येणारे टुरिस्ट गाड्यांचे ड्रायव्हर म्हणत, "काय आबा, हळद लागलीय काय हाताला? लपवताय ते!" आबा फुंकर मारत मारत सांगत, "बोटाला चटका बसला की दोन दिस गाडी खोटं बोलती."

त्यांना हे हात जपणं शोभत होतं, कारण त्यांचा धंदाच हातांचा होता. तसे ते आमच्या मळवलीचेच. तरुणपणी खंडाळ्याच्या एका बंगल्यावर ड्रायव्हर म्हणून लागले. त्या बंगल्याच्या साहेबांना जुन्या गाड्यांचा शौक होता. साहेब गेले, बऱ्याच गाड्या विकल्या गेल्या, पण आबांच्या हातात एक विद्या राहिली. मुंबई-पुण्याकडून हिवाळ्यात रविवारी जुन्या गाड्या घेऊन येणारे हौशी लोक इंजिन कुणालाही दाखवत, ब्रेक कुणालाही दाखवत. स्टेअरिंग मात्र आबांना.

आबा चपला काढून गाडीत बसत. घड्याळ उतरवत. डाव्या हाताची दोन बोटं स्टेअरिंगच्या कडेवर ठेवत, बाकी हात हवेत. मग मालकाला म्हणत, "सायेब, आता जरा गप बसा. तिला बोलू द्या." आणि घाटाच्या बाजूला एक चक्कर मारून आले की सांगत, उजव्या चाकाची बेअरिंग सैल आहे, किंवा डाव्या टायरात हवा कमी आहे, किंवा गाडी पूर्वी कधीतरी समोरून ठोकलेली आहे. शेवटचं ऐकून मालकाचा चेहरा पडायचा. ते बहुतेक खरं निघायचं.

पॉवर स्टेअरिंगविषयी त्यांचं मत फार ठाम होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. जुन्या मोठ्या गाड्यांची चाकं वळवायला जोर लागे. मग इंजिनावर एक पंप बसवायला लागले. तो दाबाने तेल ढकलतो आणि चाक वळवायला मदत करतो. काही गाड्यांत ही मदत इतकी जास्त असे की हाताला रस्ता कळतच नसे. आबांचा राग मदतीवर नव्हता, अशा मदतीवर होता. एकदा मुंबईचे एक साहेब लांबलचक, पंखांच्या शेपटीची परदेशी गाडी घेऊन आले आणि कौतुकाने म्हणाले, "बघा, एका बोटानं फिरतं!" आबा म्हणाले, "व्हय. पन चाक फिरलं का न्हाई, ते खाली वाकून बघावं लागतंय." ड्रायव्हर मंडळी हसली, साहेबही ओशाळून हसले. नंतर आबांनी पंपाच्या झडपेतले पातळ वॉशर काढ-घाल करून दोन दिवसांत दाब उतरवला. साहेब चक्कर मारून आले तेव्हा स्टेअरिंगवरून हात काढेनात. मग म्हणाले, "ही गाडी माझ्याकडे अकरा वर्षं आहे. आज पहिल्यांदा चालवली असं वाटलं."

आबा त्यावर जे बोलले ते मी वहीत लिहून ठेवलं आहे. "मदत अशी पायजे, की मानसाला वाटावं आपूनच केलं."

मी त्यांच्याकडे गेलो तो कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी. रोज मळवलीहून गाडी पकडून घोरावाडीला उतरायचं आणि तिथून कॉलेज, असा माझा क्रम. बाकीच्या मुलांचे मामा-काका कारखान्यांत होते, त्यांना विषय मिळाले. माझे वडील एका फार्महाऊसची देखभाल करतात. त्यांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "आबाकडं जा. गाड्यांमधलं त्यालाच कळतंय." मी विषय ठरवला : पॉवर स्टेअरिंग नसलेल्या जुन्या गाडीला विजेच्या मोटारीची मदत बसवणं, आणि चालवणाऱ्याच्या हाताला काय जाणवतं ते मोजणं.

आबांनी पहिल्या दिवशी मला शेडमधल्या एका जुन्या जीपमध्ये बसवलं. "फिरव." मी स्टेअरिंग फिरवलं. "काय लागतंय हाताला?"

"जड."

"जड म्हंजी कसं जड? भिजल्या पोत्यावानी जड, का झोपल्या पोरावानी जड?"

मी स्टेअरिंग परत थोडं फिरवून पाहिलं. बाकावरचा एक ड्रायव्हर म्हणाला, "आबा, त्याला पोर कुठलं? अजून लग्न व्हायचंय त्याचं!" सगळे हसले. मी लाजलो. आबा मात्र गंभीरच होते. भिजलं पोतं नुसतं खाली ओढतं, झोपलेलं पोर आपण हलू तसं अंगाशी हलतं, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. म्हणाले, "इंजिनेर, तुला आकडं लय येत्यात. शब्द न्हाईत."

मग ते मला शब्द शिकवू लागले. वळण संपल्यावर स्टेअरिंग हातातून परत येतं, ते "शाळा सुटल्यावानी" यायला नको, "गोठ्याकडं निघाल्या गायीवानी" यायला हवं. खडबडीत रस्त्याचा कंप हाताला कळावा, पण "दात शिवशिवल्यावानी" नको. सर्वांत महत्त्वाची होती ती सरळ रस्त्यावरची, स्टेअरिंग अगदी मधे असतानाची परीक्षा. "दावं हातात धरून डोळं मीट," ते म्हणत. "दुसऱ्या टोकाला गाय हाय का नुसता खुटा, कळतंय का न्हाई? गाय नुसती उभी असली तरी कळतंय. तसं पायजे. दुसऱ्या टोकाला कुनीतरी पायजे."

मला मात्र आकडे हवे होते, कारण कॉलेजचे सर दाव्याची गाय मान्य करणार नव्हते. मी एक स्प्रिंगचा काटा आणला, दुकानात पोती टांगून तोलतात तसा. तो स्टेअरिंगच्या कडेला अडकवून ओढायचा आणि किती किलोला चाक वळलं ते लिहायचं. आबा बराच वेळ बघत राहिले. "ह्यो वजन सांगतो," ते म्हणाले. "वजन मला बी कळतंय. चव सांगंल का?"

त्यांच्या बायकोला आम्ही सगळे मावशी म्हणतो. मावशींना या हातांचं काही कौतुक नव्हतं. भातलावणीला आबाही शेतात उतरत, पण डावा हात चिखलात घालत नसत. एका उजव्या हाताने रोपं लावत. मावशी बांधावरून ओरडत, "समदं गाव दोन हातानं लावतंय, आन् ह्यांचा येक कडंवर घेतलाय! झोका बांधू का त्याला?" आबा वर न बघता म्हणत, "त्याच हातावर तू जेवती." मावशी म्हणत, "मग त्यालाच वाढायला सांगा." पण शेतातून आल्यावर त्या हाताला कोमट तेल लावायच्या त्या मावशीच.

आता बाईंविषयी सांगितलं पाहिजे. खंडाळ्याच्या त्या बंगल्यातल्या साहेबांच्या पत्नी अजून तिथे एकट्या राहतात. सगळ्या गाड्या विकल्या तरी एक त्यांनी विकली नव्हती. साय रंगाची, गोल दिव्यांची, त्यांच्या लग्नानंतर वर्षभरात आलेली. तीच गाडी चालवायला आबांनी त्यांना शिकवलं होतं. दोन वर्षांपूर्वी बाई जिन्यावरून पडल्या आणि उजवा खांदा धरला तो धरलाच. गाडीला पॉवर स्टेअरिंग नाही, बाजारात वळवायची म्हटलं की डोळ्यांत पाणी यायचं. मुलगा म्हणाला, गाडी काढून टाक आणि मुंबईला चल. बाईंनी आबांना बोलावलं आणि म्हणाल्या, "आबा, हलकी होईल का? पण ती तीच राहिली पाहिजे."

अशी माझं प्रोजेक्ट आणि बाईंची गाडी एकत्र आली. डॅशबोर्डच्या खाली एक मोटार बसवायची होती, आणि तिची मदत कमी-जास्त करायला एक फिरतं बटण. आबांना ते बटण बघूनच हसू आलं. "सुपारीयेवढं. आन् हे ठरवनार बाईला रस्ता किती कळायचा ते!" पण मोटार बसवायला त्यांनी होकार दिला. अट एकच. बटण कुठे थांबवायचं ते त्यांचे हात ठरवतील, काटा नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी मी शेडमध्ये गेलो तेव्हा आबा बाकावर बसून चहा पीत होते. ग्लास उकळता होता, वाफ दिसत होती. रुमाल खिशातच होता. ग्लास त्यांच्या उघड्या बोटांत होता.

मी म्हणालो, "आबा, चटका!"

त्यांनी हाताकडे पाहिलं. ग्लास खाली ठेवला. बोटं लाल झाली होती. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, दुसऱ्या कुणाची असावीत तशी. मग म्हणाले, "कुनाला बोलू नगंस." नंतर सांगितलं की दिवाळीपासून असं आहे. आधी मुंग्या यायच्या. आता मुंग्याही नाहीत. सदऱ्याची बटणं मावशी लावतात. चालताना एक पाय ओढला जातो. आणि डिसेंबरपासून आलेल्या सगळ्या गाड्या त्यांनी आठवणीवर, अंदाजावर दुरुस्त केल्या होत्या. एकही मालक तक्रार घेऊन आला नव्हता. याचंच त्यांना सर्वांत वाईट वाटत होतं. "म्हंजी कुनाला कळतच नव्हतं का रं कवा?" ते म्हणाले.

मी आणि मावशी त्यांना पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. मानेच्या मणक्यात शिरा दाबल्या गेल्या होत्या. ऑपरेशन लांबवू नका, डॉक्टर म्हणाले. जितका उशीर तितकी हातांची संवेदना परत येण्याची आशा कमी. आबांनी एकच प्रश्न विचारला, "झाल्यावर गाडीत कवा बसायचं?" डॉक्टर म्हणाले, काही महिने तरी नाही, आणि पुढचं तेव्हा बघू.

परत येताना आबा खिडकीबाहेर बघत होते. तळेगाव गेल्यावर म्हणाले, "बाईची गाडी झाली की मग मान कापू द्या." मावशी पहिल्यांदाच मोठ्याने रडल्या. डब्यातली माणसं वळून बघू लागली. "गाडी मोठी का हात मोठं?" त्या म्हणाल्या. आबा म्हणाले, "हात परत यील का न्हाई, त्यो देवमानूस बी सांगंना. गाडी तरी हुईल का न्हाई? मी बाईला शबूद दिलाय." त्यांना ऑपरेशनची भीती वाटत होती का? वाटत असावी. पण मला वाटतं, हात पूर्ण जाण्याआधी त्या हातांचं म्हणून एक शेवटचं काम पुरं व्हावं, एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते हवं असणं फार भयंकर होतं.

हात तर नव्हते. मग त्यांनी माझे घेतले.

मार्च-एप्रिलचे सहा आठवडे आम्ही बाईंची गाडी घेऊन राजमाचीच्या बाजूच्या रस्त्यावर जात होतो. मी चालवायचो, आबा शेजारी डोळे मिटून. बाईंना त्यांनी हाताचं काही कळू दिलं नव्हतं. "पोराचं पोजेक हाय, त्यालाच चालवू द्या," असं सांगितलं होतं. ते विचारत, मी सांगत. "वळनात?" "झोपल्या पोरासारखं, आबा. पण सुरुवातीला पोत्यासारखं." मग ते पुढच्या चाकांचा कल पातळ पाचर घालून जरासा वाढवायला सांगत. "परत येताना?" "शाळा सुटल्यासारखं." मग बटण केसभर मागे. ते दिवस कठीण होते, पण खोटं कशाला बोलू, चांगलेही होते. माझ्या तोंडून एखादा नेमका शब्द निघाला की आबा डोळे न उघडता म्हणायचे, "आता कसं!" माझ्या शिकण्याला एवढी शाबासकी कुणी दिली नव्हती.

अडत होतं ते एकाच ठिकाणी. बाईंच्या खांद्याला सोसेल एवढी मदत वाढवली, की स्टेअरिंग मधे असताना हाताला काहीच लागत नसे. मदत कमी केली की बाजारात वळवताना खांद्याला जड. आबांचं म्हणणं होतं की याच्या मधली एक जागा आहे. आहेच. ती बटणावर नाही, बटण, चाकांचा कल आणि टायरची हवा या तिन्हींच्या जोडीत आहे. ती शोधत आम्ही किती फेऱ्या मारल्या, मोजल्या नाहीत.

एप्रिलच्या अखेरीचा तो दिवस. दुसऱ्या दिवशी माझी प्रोजेक्टची तोंडी परीक्षा होती. ऊन कडक होतं. सकाळपासून आबांच्या हातून पाना तीनदा पडला. तिसऱ्यांदा तो उचलायला वाकले आणि त्यांना तो बोटांत धरताच येईना. मी पुढे झालो तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे." दोन्ही तळव्यांमध्ये दाबून त्यांनी तो उचलला, आणि तसाच धरून गाडीला टेकून उभे राहिले. मी दुसरीकडे बघितलं.

मग आम्ही निघालो. सरळ रस्त्यावर गाडी आली. आबांनी डोळे मिटले. त्यांचा चेहरा घामाने भिजला होता. त्यांनी विचारलं, "मधी धर. दुसऱ्या टोकाला कुनी हाय का?"

कुणी नव्हतं. स्टेअरिंग माझ्या हातात रिकामं होतं.

मी म्हणालो, "आहे, आबा."

"नीट बघ."

"आहे. उभी आहे, पण आहे."

आबांनी लांब श्वास सोडला. डोळे उघडले नाहीत. "झालं मग," ते म्हणाले. "बाईला सांग, झालं." परत येईपर्यंत ते झोपी गेले होते.

मी असं का केलं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. आमच्याकडे मोठ्या माणसाला "नाही" म्हणायची सवय नसते. ते दमलेत असं वाटतं तेव्हा त्यांना हवं ते उत्तर द्यायचं, यालाच आम्ही माया समजतो. त्यांचं ऑपरेशन आता तरी होईल असंही मला वाटलं. हे सगळं खरं आहे. पण दुसऱ्या दिवशी माझी परीक्षा होती, हेही खरं आहे. माझे काट्याचे आकडे उत्तम आले होते. सरांनी शाबासकी दिली.

आठवड्याने बाई स्वतः गाडी घेऊन निघाल्या. खंडाळ्याच्या उताराला रस्त्याचं काम चालू होतं, कडेला बारीक खडी पसरली होती. पुढची चाकं खडीवर गेली आणि गाडी सरकत जाऊन दगडी कठड्याला घासली. बाईंना लागलं नाही. मडगार्ड चेपलं. आबा आणि मी पोचलो तेव्हा त्या कठड्यावर बसल्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आबा, खडीवर गेलेलं मला कळलंच नाही. हाताला काहीच आलं नाही. मी म्हातारी झाले का हो?"

आबा म्हणाले, "न्हाई बाई. तुमी न्हाई."

शेडवर परत आल्यावर ते एका टायरवर बसले. मी उभा राहिलो.

"त्या दिशी इचारलं तुला, दुसऱ्या टोकाला कोन हाय. कोन व्हतं?"

"कुणी नव्हतं."

"मग हाय म्हनलास?"

"तुम्ही फार दमला होता, आबा."

त्यांनी मांडीवरच्या आपल्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, "आन् सकाळी परीक्षा व्हती तुजी."

"होती."

मावशी शेडमागच्या खोलीतून चहा घेऊन आल्या होत्या. त्यांना काही कळलं नव्हतं, पण त्या दारातच थांबल्या. आबांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"माजं हात मेलं, त्याचं मी कुनाकडं रडलो न्हाई," ते म्हणाले. "तुजं घेतलं व्हतं मी. हातानं आपल्या मालकाची दया करायची नसती रं."

मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी पाय मागे घेतला नाही आणि डोक्यावर हातही ठेवला नाही. म्हणाले, "जा. साडेपाचची चुकंल."

त्यानंतर मी शेडवर गेलो नाही. जायला हवं होतं. रोज लोणावळ्याच्या दिशेची गाडी समोरून जायची आणि मी उद्या म्हणायचो. मग निकाल लागला, कॅम्पसमधून नोकरी लागली, आणि जूनमध्ये मी इथे दक्षिणेत आलो. इथे मी एका कारखान्यात स्टेअरिंगचेच भाग तपासतो. आकडे बघतो. आईकडून अधूनमधून कळायचं. आबांनी बाईंची गाडी पुन्हा खोलली आहे. ती झाल्याशिवाय दवाखान्यात जाणार नाही म्हणतात. पावसात रस्ते ओले, त्यात सुट्टीच्या दिवशी गाड्यांच्या रांगा, चक्कर मारता येत नाही, म्हणून शेडमध्ये बसून असतात. आता त्यांना जेवणही भरवावं लागतं. मावशींनी देवाला नवस बोलला आहे. मी फोन हातात घ्यायचो, नंबर काढायचो आणि ठेवून द्यायचो. काय म्हणणार होतो? दोनदा पत्र लिहायला बसलो. दोन्ही वेळा पहिली ओळ तीच आली, "आबा, चुकलं माझं," आणि ते पत्र उघडून धरायलाही त्यांना दुसऱ्याचेच हात लागणार हे आठवलं.

दसरा झाला, दिवाळी झाली. मला सुट्टी मिळाली नाही. गेल्या रविवारी आईचा फोन आला. भाताचं सांगून झालं, वडिलांच्या गुडघ्याचं झालं. मग ती म्हणाली, "आरं, आबाचं आपरेशन झालं की. नवरात्रात. तुला नवीन नोकरी, म्हनून आमी न्हाई बोललो."

मी विचारलं, "आणि बाईंची गाडी?"

"ती झाली, तवाच तर गेला त्यो. शेवटी बाईला खरं सांगितलं म्हनं त्यानं, हाताचं. मग तिलाच बसवलं स्टेअरिंगवर, ह्यो शेजारी. ती सांगायची, ह्यो शेडवरच्या पोरांकडनं करून घ्यायचा. धा दिसात झालं बग. तिच्याच हाताला इचारायचं, येवढं साधं कुनाला सुचलं न्हाई. आता चालवती की बाई, बाजारात दिसली व्हती मला."

दहा दिवस. एप्रिलमध्ये मी एक शब्द खरा बोललो असतो, तर हे दहा दिवस मे महिन्यात आले असते.

"आई," मी म्हणालो, "हात?"

ती सहज बोलत होती. मधे काय झालं ते तिला आजही माहीत नाही.

"पाय सुदारला. चालतो चांगला, काठी बी लागत न्हाई. पन हात न्हाई आलं रं. डाक्टर म्हनला, उन्हाळ्यात आनलं असतं तर आलं असतं."